मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. कराडच्या घरी आई ओट्यापाशी कैऱ्या चिरत होती. फोन वाजला. ओल्या हातानं उचलायला गेली आणि तो निसटून शहाबादी फरशीवर पालथा पडला. उलटा करून पाहिला तर काचेवर कोळ्याचं जाळं आणि जाळ्यामागे काळोख. गंमत म्हणजे फोन बंद पडला नव्हता. मी पुण्याहून पुन्हा लावला तर तो वाजत होता. पण घेण्यासाठी बोट कुठे लावायचं तेच दिसत नव्हतं. शेजारच्यांच्या फोनवरून आईनं मला कळवलं, "अरे, आत माणूस आहे, पण दार उघडत नाही."

पाच वर्षांचा जुना, साधाच फोन. एरवी म्हटलं असतं, जाऊ द्या, नवीन घेऊ. पण त्या फोनमध्ये वडिलांचा आवाज होता.

वडील घड्याळजी. कराडच्या बाजारात एक टेबल मावेल एवढं त्यांचं दुकान होतं. २०२१ मध्ये ते गेले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, बहुधा त्यांना काही उमगलं असावं, त्यांनी आईला फोनवर रेकॉर्डिंग करायला बसवलं. विषय काय, तर घरातलं लंबकाचं घड्याळ. चावी किती द्यायची, लंबकाखालचा नट कुठल्या बाजूला फिरवला की घड्याळ पुढे जातं, उन्हाळ्यात ते मागे का पडतं, तेल कुठे घालायचं आणि किती. अशी सहा रेकॉर्डिंग. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. मूळ साधनाची नक्कल आधी करून ठेवा, असं विद्यार्थ्यांना सांगत आलो. आणि या सहा रेकॉर्डिंगची नक्कल मी केलेली नव्हती.

फोन घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, पडदा बदलायला फोनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येईल. शिवाय "आतला डेटा पुसला जाईल, याला माझी हरकत नाही" अशा कागदावर सही करावी लागेल. सही न करता बाहेर पडलो. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं फोन हातात फिरवला आणि म्हणाला, "काका, याचा फोल्डर येत नाही आता. मॉडेल बंद झालं. नवीनच घ्या." काच, बोटाचा स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारा पडदा, हे तिन्ही एकत्र चिकटवून येतं त्याला या धंद्यात 'फोल्डर' म्हणतात. एका विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून फोनला माऊस जोडून पाहिला. पण पडदाच काळा, तर बाण दिसणार कुठे? आजचा फोन म्हणजे असं घर आहे की त्याचं दार, खिडकी आणि कुलूप तिन्ही एकाच काचेत आहेत. काच गेली की घर सुरक्षित राहतं, मालक मात्र रस्त्यावर.

मग ठरवलं, पडदा घरीच बदलायचा. त्या महिन्याभरात मी जे वाचलं, पाहिलं आणि बोटं कापून घेऊन शिकलो, त्यातून एक इतिहास हाती लागला. तो थोडक्यात सांगतो.

पहिला प्रश्न असा की फोन आपल्या मालकीचा कधी झाला? माझ्या पिढीला आठवत असेल, घरातला तो काळा, जड फोन आपला नव्हताच. तो खात्याचा होता. १८८५ च्या तार कायद्यानं तारायंत्राचा आणि त्याच्या पोटात येणाऱ्या टेलिफोनचाही एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. यंत्र बनवायचा बंगलोरचा १९४८ साली निघालेला सरकारी कारखाना, बसवायचे खात्याचे लोक आणि बिघडलं की यायचा खात्याचा लाइनमन. नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायचं आणि लागला की त्यावर क्रोशाचं झाकण घालायचं. उघडून बघायचा विचारही मनात येत नसे.

हे फक्त समाजवादी भारतात होतं असं नाही. भांडवलशाहीच्या माहेरी, अमेरिकेत, बहुतेक सारे फोन एटी अँड टी या एकाच कंपनीचे असत आणि ग्राहक त्यांचं भाडं भरत. तिथे 'हश-अ-फोन' नावाची एक साधी वाटीसारखी वस्तू निघाली. फोनच्या तोंडाला लावली की शेजारच्याला आपलं बोलणं ऐकू येत नसे. वीज नाही, तार नाही, नुसती वाटी. कंपनीनं तिलाही हरकत घेतली आणि सरकारी दूरसंचार आयोगानं कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयानं तो निर्णय फिरवला: इतर कुणाचं नुकसान होत नसेल तर ग्राहकानं आपला फोन आपल्या सोयीनं वापरावा. पुढे १९६८ मध्ये टेक्सासच्या टॉम कार्टर यांच्या 'कार्टरफोन' प्रकरणात त्याच आयोगानं बाहेरची उपकरणं टेलिफोनच्या जाळ्याला जोडायला मुभा दिली. उत्तर नोंदवणारी यंत्रं आणि मोडेम घरोघरी येण्याची वाट या निर्णयानं मोकळी झाली. म्हणजे स्वतःच्या घरातल्या फोनला वाटी लावायची की नाही, यासाठीसुद्धा कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिलं संभाषण केलं. त्यानंतर आलेले मोबाइल हे खऱ्या अर्थानं आपले फोन. विकत घेतलेले, खिशातले. आणि ते उघडतही असत. २००० साली आलेला नोकियाचा ३३१० किंवा २००३ चा टॉर्चवाला ११०० आठवा. या ११०० ची विक्री २५ कोटींच्या वर गेली. मागचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी हातात यायची, चार-सहा स्क्रू काढले की छोटा पडदा मोकळा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत करोलबागच्या गफार मार्केटात, पुण्यात बुधवार पेठेत, आणि पाठोपाठ प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर दुरुस्तीची टेबलं लागली ती याच काळात. दहावी झालेली, न झालेली हजारो मुलं डोळ्याला भिंग लावून तिथे शिकली. वडील त्यांच्याकडे कौतुकानं पाहत. म्हणत, "आमचंच खातं आहे हे."

मग ९ जानेवारी २००७ उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगापुढे धरला. बटणं जवळजवळ नाहीत, सगळा पडदा. या पडद्यामागे तीन वेगवेगळे इतिहास येऊन भेटले होते.

एक इतिहास गाजरातून सुरू होतो. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीड्रिश रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होते. तो दोनदा वितळला! एका तापमानाला त्याचा गढूळ रस झाला आणि आणखी तापवल्यावर तो स्वच्छ झाला. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक. वाहतं द्रवासारखं, पण आतले रेणू स्फटिकासारखे रांगेत. या रांगा विजेनं वळवता येतात आणि प्रकाश अडवता किंवा सोडता येतो, हे वापरून अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये द्रव-स्फटिकाचे पडदे जाहीर केले. गाजरापासून पडद्यापर्यंत ८० वर्षं लागली.

दुसरा इतिहास बोटाचा. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या सरकारी रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांसाठी स्पर्शानं चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. माणसाचं बोट विजेचं वाहक असल्यामुळे त्यानं शिवलं की काचेवरच्या पारदर्शक वाहक थरातला विद्युतभार बदलतो, ही त्यामागची युक्ती. आजही आपण तीच वापरतो. म्हणून हातमोजे घातले की फोन आपल्याला ओळखत नाही आणि पाण्याचा थेंब पडला की नको तिथे उघडतो.

तिसरा इतिहास काचेचा. आयफोनच्या नमुन्याला प्लास्टिकचा पडदा होता. खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर चरे पडले. जॉब्ज यांना तो नको होता. काच हवी होती, आणि तीही सहा महिन्यांत. ते कॉर्निंग या काचकंपनीचे प्रमुख वेंडेल वीक्स यांच्याकडे गेले. या कंपनीनं १९६२ मध्येच 'केमकॉर' नावाची कणखर काच बनवली होती, पण तिला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ते काम गुंडाळून ठेवलं गेलं. ते ज्ञान पुन्हा बाहेर काढलं गेलं. केंटकी राज्यातल्या हॅरड्सबर्ग इथल्या कारखान्यात नवी काच निघू लागली. हीच 'गोरिला ग्लास'.

तिची कृती मजेशीर आहे. काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन येऊन बसतात. एसटीच्या बाकावरून तीन किडकिडीत प्रवासी उतरावेत आणि त्याच बाकावर तीन चांगले जाडजूड गृहस्थ बसावेत, तसं होतं. पृष्ठभाग सगळीकडून दाबला जातो. चीर पडायची तर आधी हा दाब मोडावा लागतो, म्हणून काच टिकते. पण हा दाबलेला थर जेमतेम केसाच्या जाडीच्या आसपास असतो. खडा त्याहून खोल रुतला किंवा फोन नेमका कोपऱ्यावर आपटला, की आत साठलेला ताणच चीर पसरवत नेतो. आईच्या फोनवरचं कोळ्याचं जाळं त्यातूनच विणलं गेलं होतं.

इथवर तक्रारीला जागा नाही. खरं वळण पुढे आहे. सुरुवातीला वरची काच आणि आतला पडदा वेगळे असत. काच फुटली तर काच बदला. २०१० च्या आयफोन ४ मध्ये काच आणि पडदा एकमेकांना कायमचे चिकटवले गेले. मधली हवेची फट गेल्यानं चित्र जणू काचेवरच उमटल्यासारखं दिसू लागलं, उजेडाची झळाळी कमी झाली, फोन सडपातळ झाला. इतरांनीही तीच वाट धरली. पुढे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून कडाही गोंदानं बंद झाल्या, बॅटरी आत गेली. यातलं प्रत्येक पाऊल ग्राहकाच्या सोयीचं होतं, हे मान्य करायला हवं. पण सगळ्यांची बेरीज अशी झाली की वरची काच फुटली की आतला धडधाकट पडदाही टाकून द्यायचा. आणि त्याची किंमत ऐकली की माणूस नव्या फोनकडे वळतो.

वडिलांनी हे त्यांच्या धंद्यात आधीच पाहिलं होतं. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीनं पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या वीस वर्षांत ती लाट कराडच्या बाजारात पोचली. चाकं, कमान, बॅलन्स, सगळं ओळखणाऱ्या माणसाला आता दोनच कामं उरली: सेल बदलणे किंवा आतलं अख्खं मशीन बदलणे. त्यांनी कधी नव्या घड्याळांना नावं ठेवली नाहीत. "वेळ ही जास्त बरोबर दाखवतात," म्हणायचे. मात्र संध्याकाळी दुकान बंद करताना एखादं जुनं एचएमटी उघडून बसत. कुणी दुरुस्तीला दिलेलं नसायचं ते.

तर त्यांची पेटी मी माळ्यावरून काढली. चिमटे, बारीक पेचकस, डोळ्याचं भिंग. बुधवार पेठेतून फोल्डर आणला, बी-७००० नावाची गोंदाची नळी आणली. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा पंचा अंथरला. फोनची बॅटरी जवळपास रिकामी होऊ दिली होती. भरलेल्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेटू शकते. हेअर ड्रायरनं मागच्या झाकणाची कड गरम केली आणि मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सरकवलं. गोंद मऊ होऊन सुटू लागला की एक बारीक आवाज येतो, पापड मोडल्यासारखा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं.

झाकण निघालं. आता स्क्रू. तांदळाच्या दाण्याहून लहान, वरून सगळे सारखे, पण लांबी वेगवेगळी. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो खालची पाटी भोसकतो आणि फोन कायमचा जातो. मी ते बशीत टाकणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. हे असे नाही ठेवायचे." तिनं मिसळणाचा डबा रिकामा केला, वाट्या पुसल्या आणि समोर ठेवला. "ह्यांनी पहिला डबा असाच पळवला होता. मोहरीच्या वाटीत वरचे, जिऱ्याच्या वाटीत मधले, हळदीच्या वाटीत तळातले." सात वाट्या, सात जागांचे स्क्रू. मी पुस्तकात वाचलेली कुठलीही पद्धत याहून चांगली नव्हती.

सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, मग बाकीचं. आईनं क्रोशाची सुई पुढे केली. म्हटलं, धातू नको. आइस्क्रीमची लाकडी काडी चालली. फुटक्या काचेवर खोक्याला लावतात ती रुंद चिकटपट्टी लावून घेतली, तरी करंगळीत एक कण शिरलाच. दोन तासांनी जुना पडदा निघाला. नवा जोडायला गेलो, तर त्याच्या पट्टीचं टोक खाचेत बसेना! एकाच नावानं कंपनीनं दोन प्रकारचे फोन विकले होते आणि मी दुसऱ्याच प्रकाराचा फोल्डर आणला होता. खरा क्रमांक झाकणावर मुंगीच्या अक्षरात छापलेला होता. तो आधी वाचायला हवा होता.

दुसरा फोल्डर दिल्लीहून यायला तीन आठवडे लागले. तोवर फोन डब्यासकट फळीवर आणि मी वाचनात. वाचता वाचता लक्षात आलं की मला अडवणारी होती ती फक्त काच आणि गोंद. याहून पक्की कुलपं जगात होती.

२०११ च्या सुरुवातीला बाहेर आलं की आयफोन ४ च्या तळाशी नेहमीच्या फुलीच्या स्क्रूऐवजी पाच पाकळ्यांचे नवेच स्क्रू येऊ लागले आहेत. त्यांचा पेचकस बाजारात सहज मिळत नव्हता. ही गोष्ट उघडकीला आणली 'आयफिक्सिट' या छोट्या कंपनीनं. कॅलिफोर्नियात काइल वीन्स आणि ल्यूक सूल्स या दोन विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये ती सुरू केली होती. कारण एवढंच, की वीन्स यांना स्वतःचा ॲपलचा लॅपटॉप दुरुस्त करायचा होता आणि त्याची दुरुस्ती-पुस्तिका कुठेच मिळेना. त्यांनी स्वतः उघडून, फोटो काढून पुस्तिका लिहिली. पुढे जगभरच्या लोकांनी तशा हजारो लिहिल्या.

स्क्रूनंतर कुलूप आलं सॉफ्टवेअरचं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'एरर ५३' गाजलं. बाहेरच्या दुकानातून बोटाचा ठसा घेणारं बटण बदलून घेतलेले आयफोन, नवं सॉफ्टवेअर घातल्यावर एकदम निकामी झाले. ॲपलचं म्हणणं होतं, हा सुरक्षेचा उपाय आहे. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. ठशाचं बटण कुणीही बदलू लागला तर चोराचं फावेल. पण म्हणून सगळा फोनच मारायचा? त्याच महिन्यात कंपनीनं माफी मागून दुरुस्ती दिली. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तर असं निघालं की बाहेर पडदा बदलला की चेहरा ओळखण्याची सोय बंद पडते. पडद्याला फोनची ओळख पटवून देणारी एक चिप होती. ओरड झाल्यावर ते मागे घेण्याचं आश्वासन मिळालं.

ओरडीला कायद्याचं बळ मिळालं ते मोटारींपासून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्कावर मतदान झालं आणि ८६ टक्के लोकांनी हक्काच्या बाजूनं कौल दिला. ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर कुलूपबंद म्हणून शेतकरी उठले. कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेती अवजारांसाठी कायदा केला. फोन-संगणकांसाठी न्यूयॉर्कनं २०२२ अखेर, मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदे केले. ओरेगननं २०२४ मध्ये सुटा भाग सॉफ्टवेअरनं अडवायला बंदी घातली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनचे पडद्यासारखे सुटे भाग, ते मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक झालं. "मॉडेल बंद झालं, काका," हे वाक्य तिथे बेकायदा ठरलं म्हणायचं!

कंपन्यांनीही दार किलकिलं केलं. ॲपलनं नोव्हेंबर २०२१ मध्ये घरगुती दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली. आठवड्याला ४९ डॉलर भाडं भरलं की हत्यारं घरपोच. ती दोन पेट्यांतून आली आणि वजन भरलं ७९ पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो. दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरचा फोन उघडायला ३६ किलोची हत्यारं! याउलट ॲमस्टरडॅमच्या 'फेअरफोन'नं २०१५ मध्येच असा फोन काढला होता की त्याचा पडदा कुठल्याही हत्याराविना, हातानं सुटा होई. म्हणजे हे अशक्य होतं असं नाही. तो फोन थोडा जाड होता, इतकंच.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू झालं. फ्रान्स २०२१ पासून २०२५ पर्यंत फोनला दहापैकी गुण देत असे, तसा 'दुरुस्ती-निर्देशांक' भारतात कसा असावा, याचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. पण माझ्या मते आपली खरी ठेव कागदावर नाही, त्या टेबलांवर आहे. चिकटवलेली काच पडद्यापासून सुटत नाही, असं कंपन्यांनी सांगितलं. आपल्या पोरांनी गरम तव्यावर फोल्डर ठेवून, केसासारखी बारीक तार मधून ओढून ती वेगळी करून दाखवली. 'फक्त ग्लास बदलून मिळेल' अशी पाटी आज तालुक्याच्या गावी दिसते. त्या पाटीमागे कोणतीही पुस्तिका नाही. ती त्यांना कुणी दिलीच नव्हती.

जूनअखेर दुसरा फोल्डर आला. या वेळी शहाणपण केलं: गोंद लावण्याआधी नुसता जोडून पाहिला. बॅटरी जोडली, बटण दाबून धरलं. काळोख. मी आईकडे बघायचं टाळलं. मग पडदा हलकेच उजळला, कंपनीचं नाव आलं आणि पाठोपाठ नऊ ठिपके. फोन आईपुढे सरकवला. ती म्हणाली, "तू तिकडे बघ." मुलासमोरही तिनं नक्षी काढली नाही!

उजव्या कडेच्या एका चिंचोळ्या पट्टीत टच लागत नाही. फोल्डर काही पहिल्या प्रतीचा नव्हता. पण दार उघडलं होतं. आधी सहाही रेकॉर्डिंगच्या नकला केल्या, तीन ठिकाणी ठेवल्या, आणि मगच ऐकायला बसलो. मोहरीच्या वाटीतले स्क्रू अजून वाटीतच होते.

वडिलांचा आवाज थोडा घोगरा. "चावी बारा वेळा. तेराव्यांदा जोर करायचा नाही." मागे आमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडतोय. तेलाची गोष्ट येते, नटाची येते. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये आई विचारते, "आणि बंदच पडलं तर?" क्षणभर काही नाही, नुसती टिकटिक. मग ते म्हणतात, "बंद पडलं तर उघडायचं. भ्यायचं कशाला? सगळं एका बाजूनं काढायचं, त्याच क्रमानं परत घालायचं. कागद देतो लिहून."

तो कागद द्यायचा राहून गेला. म्हणून ही रेकॉर्डिंग म्हणजेच आमची पुस्तिका. दर रविवारी सकाळी आई घड्याळाला बारा वेळा चावी देते. मिसळणाच्या डब्यात पुन्हा मोहरी-जिरं आहे. हळदीची वाटी मात्र तिनं बदलून घेतली. म्हणाली, तळाला चरे पडलेत, तुझ्या स्क्रूंचे.